तळ्यातले म्हातारे मासे

"लहान किती?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

कोणी हातभर मासा धरून काढलेला फोटो फोनवर दाखवला, की डॉक्टरकाका चष्मा कपाळावर ढकलायचे, फोन नाकाजवळ न्यायचे, फोटो सावकाश पाहायचे आणि म्हणायचे, "छान. लहान किती मिळाले?"

दाखवणाऱ्याचा चेहरा पडायचा. चार तास थंडीत बसून माणसाने आयुष्यातला सर्वांत मोठा मासा पकडलेला असतो, आणि गावचा निवृत्त डॉक्टर त्याला न पकडलेल्या माशांबद्दल विचारतो. पेट्रोल पंपावर, पोस्टात, चर्चच्या पार्किंगमध्ये मी हे पाहिलं आहे. एकदा एका अंत्यविधीनंतरच्या जेवणात टेबलावर मृताचाच मासा धरलेला फोटो ठेवला होता. तेवढ्या वेळी काकांनी विचारलं नाही, पण त्यांना ते फार जड गेलं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. मुलगा पास झाल्याचा पेढा हातात घेऊन "गणितात किती?" विचारणारा. फरक एवढाच, की काकांना उत्तर खरोखर हवं असायचं.

हे गाव अमेरिकेच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळ आहे. एक पोस्ट, दोन चर्च, एक पेट्रोल पंप आणि एक तळं. तळं लहान आहे, पण तिथल्या वॉलआयसाठी लोक लांबून येतात. वॉलआय म्हणजे काचेसारख्या डोळ्यांचा, सोनेरी अंगाचा मासा. इकडचे लोक तो खातात, भिंतीवर टांगतात आणि वाण्याच्या दुकानापासून लग्नापर्यंत कुठेही त्याच्याबद्दल बोलतात.

मी मूळची नागपूरची. मत्स्यशास्त्र शिकले. समुद्रापासून एवढ्या लांबच्या मुलीने हे का शिकावं, ते माझ्या घरच्यांना अजून कळलेलं नाही. आमचे ओळखीचे सगळे संगणकाच्या नोकऱ्यांत, मॉरिसव्हिलला नाहीतर सांता क्लाराला. त्यांच्याकडे गणपतीला गेले आणि मी माशांवर काम करते असं सांगितलं, की कोणीतरी विचारतंच, "फिश म्हणजे डेटा सायन्समध्ये का?" नाही. मी सरकारी मत्स्यखात्यासाठी उन्हाळ्यात तळ्यात जाळी टाकते, सापडलेले मासे मोजते, मापते, आणि हिवाळ्यात अहवाल लिहिते. अहवालाच्या शेवटी गळ टाकणाऱ्यांसाठी एक परिच्छेद असतो: या तळ्यात काय मिळेल, काय मिळणार नाही. लोक तेवढाच वाचतात.

पहिल्या उन्हाळ्यात या तळ्यावरची जाळी काढून मी होडी किनाऱ्याला लावली, तेव्हा रबरी बूट घातलेला एक उंच, वाकलेला म्हातारा उभा होता. त्याने माझ्या जॅकेटवरचं आडनाव वाचलं आणि मराठीत विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

मी म्हटलं, नागपूरची.

"बरं. जाळ्यात लहान किती?"

समोरासमोर कोणाचं मराठी ऐकून मला वर्ष झालं होतं. हातातला माशांचा टब निसटता निसटता राहिला. लहान एकही नाही, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "चहा घेऊन जा." त्या दिवसापासून ते मला अगं-तूगं करू लागले आणि मी त्यांना काका म्हणू लागले.

काका सांगलीकडचे. या गावाला डॉक्टर मिळत नव्हता म्हणून दोन वर्षांसाठी आले आणि चाळीस राहिले. काकू मी येण्याआधीच गेल्या होत्या. मुलगी दूर दक्षिणेत, कॅरी नावाच्या शहरात एका औषधांच्या कंपनीत होती. काका पूर्ण शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे का, हे अजून विचारून घ्यायचे. जन्मात मासा खाल्ला नाही, आणि रोज सकाळी मासे पकडायला जायचे. पकडायचे, मापायचे, सोडून द्यायचे. गावाला हे चाळीस वर्षांत पचलेलं नव्हतं, पण डॉक्टर असल्यामुळे चालवून घेतलं होतं.

हे कसं सुरू झालं, ते त्यांनी मला सांगितलं. गावातले पुरुष नॉर्वे-स्वीडनहून आलेल्यांचे वंशज. दवाखान्यात आले की "सगळं ठीक आहे" म्हणायचे आणि तपासून घेऊन जायचे. मग एकाने काकांना मासेमारीला नेलं. दोन तास कोणी बोललं नाही. तिसऱ्या तासाला तो पाण्याकडे बघत म्हणाला, जिना चढताना छातीत जरा आवळल्यासारखं होतं. काकांनी गळ गुंडाळला आणि त्याला सरळ इस्पितळात नेलं. तेव्हापासून आठवड्यातला एक दिवस ते होडीत पेशंट तपासायचे. "खोलीत माणूस माझ्याकडे बघतो म्हणून बोलत नाही," ते म्हणायचे. "होडीत सगळे पाण्याकडे बघतात."

पेशंटची नोंद ठेवायची सवय होती, म्हणून माशांचीही ठेवली. दवाखाना बंद झाल्यावर उरलेल्या प्रिस्क्रिप्शनच्या पॅडांवर. तारीख, हवा, मासा, लांबी. त्यांनी मला ते सगळे गठ्ठे दिले, तेव्हा मला फार आनंद झाला. तो घरी जाऊन पहिलं पान उघडेपर्यंत टिकला. अक्षर डॉक्टरचं होतं, आणि मराठी होतं. मी फोन करून विचारायचे. ते म्हणायचे, फोटो पाठव. मग बराच वेळ शांतता. "हे एकतर 'बास' आहे किंवा 'बर्फ'," ते शेवटी सांगायचे. "महिना कुठला आहे त्यावर ठरव."

बास हा दुसरा मासा. त्याला कोमट पाणी मानवतं. जुन्या पॅडांवर तो क्वचित होता. पुढे पुढे तो पानं भरून दिसू लागला.

दुसऱ्या हिवाळ्यात मी वॉलआयची वयं काढायला बसले. माशाच्या कानात एक बारीक हाड असतं. ते कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं दिसतात, ती मोजायची. काका कार्यालयात आले होते. मी त्यांना बसवलं. त्यांनी एकेक हाड पाहिलं, ओठ न हलवता मोजलं. सगळे म्हातारे. तरुण एकही नाही. दर वर्षाआड आम्ही त्या तळ्यात वॉलआयची लाखो पिल्लं सोडत होतो. पाणी गरम होत चाललं होतं, बास वाढले होते, आणि ती पिल्लं खात होते. आम्ही बासना जेवण पोचवत होतो, तेही वेळेवर. आणि लोक खूश होते, कारण गळाला लागत होते ते मोठेच लागत होते.

मी म्हटलं, काका, तुम्हाला हे माहीत होतं.

"होतं. पाचसहा वर्षांपासून."

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. ते टेबलावरची हाडं डबीत भरत राहिले. म्हणाले, मी विचारत होतो की सगळ्यांना. मी म्हटलं, विचारणं म्हणजे सांगणं नाही. त्यावर त्यांनी डबीचं झाकण लावलं आणि लॉइसचं नाव घेतलं.

लॉइस सत्तरीची विधवा. तळ्यावर राहिलेलं शेवटचं विश्रामगृह तिचं: आठ लाकडी खोल्या, सहा होड्या आणि रस्त्यावर वॉलआयचं चित्र असलेली मोठी पाटी. वॉलआय संपत आलेत असं अहवालात आलं, की तिच्याकडे कोण येणार? आणि काकांचं आणखी एक कारण होतं, ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. लॉइसचा नवरा त्यांचा पेशंट होता आणि मित्रही. त्याला कॅन्सर निघाला, तेव्हा फार दिवस नाहीत हे काकांना रिपोर्टवरून कळलं होतं. पण तो मासेमारीचा नवा मोसम येईपर्यंत बरा होईन का, एवढंच विचारत होता. काका म्हणाले, होशील. त्याने होडीला नवा रंग दिला. मोसम सुरू व्हायच्या आधी तो गेला.

"त्या दोघांचे शेवटचे चार महिने माझ्यामुळे होडी रंगवण्यात गेले," काका म्हणाले.

मी अहवालाचा शेवटचा परिच्छेद लिहिला होता. त्यात 'वॉलआयच्या संधी मर्यादित राहण्याची शक्यता' असे शब्द होते. ते त्यांनी दोनदा वाचले. "कोण मर्यादित करणार आहे?" त्यांनी विचारलं. मग पेन मागितलं आणि त्याच अक्षरात समासात लिहिलं. या वेळी मला ते अक्षर लागलं: आहे तसं लिही. लॉइसला मी सांगतो.

एकट्याने जायचं धैर्य होत नव्हतं, म्हणून मलाही घेऊन गेले. लॉइसने स्वयंपाकघरात बसवलं, पातळ कॉफी दिली. काकांनी तिला सरळ सांगितलं, पेशंटच्या नातेवाइकाला सांगावं तसं, खालच्या आवाजात. थोडे म्हातारे मासे आहेत, ते गेले की वॉलआय संपले. पिल्लं सोडून उपयोग नाही.

लॉइस खिडकीतून बर्फाने झाकलेल्या तळ्याकडे पाहत होती. ती म्हणाली, असं असणार हे तिला वाटतच होतं. ती तीस वर्षं मासे साफ करते आहे. हाताला लहान मासा लागून किती वर्षं झाली, हे तिला कळत होतं. कोणी विचारलं नाही म्हणून ती बोलली नाही.

काकांनी कप खाली ठेवला. म्हणाले, आणखी एक गोष्ट आहे. आणि नवऱ्याचं सांगितलं. तेव्हा मी खोटं बोललो, तुम्हाला दोघांना ते महिने मिळायला हवे होते, असं काहीसं. इंग्रजी त्यांचं उत्तम होतं, पण त्या दिवशी शब्द सापडत नव्हते.

लॉइस उठली, भांडं आणून त्यांचा कप पुन्हा भरला.

"त्याला माहीत होतं, डॉक्टर," ती म्हणाली. "पहिल्या आठवड्यापासून. मलाही त्याने सांगितलं होतं. म्हणाला, डॉक्टरला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल."

मी माझ्या कॉफीकडे पाहत होते. तिने कुकीजची बशी पुढे सरकवली आणि म्हणाली, यात अंडं नाही, मुद्दाम वेगळ्या केल्या आहेत. काकांनी एक घेतली. तिचे तुकडे करत बराच वेळ बसून राहिले. परत येताना गाडीत त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, डोळे पुसले, पुन्हा चष्मा पुसला. मी हीटर वाढवला.

मार्चमध्ये गावसभेत मी अहवाल वाचला. मागून एकजण उठला आणि म्हणाला, गेल्याच वर्षी मी हातभर लांब वॉलआय पकडला, तुमची जाळी चुकतात. काका उठले. सगळ्यांना वाटलं, आता तोच प्रश्न. पण त्यांनी पॅडांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि शेवटचा लहान वॉलआय आपल्याला कोणत्या वर्षी, कोणत्या दिवशी मिळाला, ते वाचून दाखवलं. मग तो दिवस किती जुना आहे ते सांगितलं आणि बसले. लॉइस म्हणाली, पाटीवरचं चित्र ती बदलते आहे. बास पकडायला सोपा असतो, ज्यांना मुलंबाळं घेऊन यायचंय त्यांच्यासाठी बरं. आठपैकी तीन खोल्या त्या उन्हाळ्यात रिकाम्या राहिल्या. पाच भरल्या. पुढच्या उन्हाळ्यात सहा.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी काका घरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि मुलगी येऊन त्यांना कॅरीला घेऊन गेली. मी दर रविवारी फोन करायचे. इथे आता देवळात जातो, मराठी मंडळ आहे, नातवंडं इंग्रजीत का होईना पण बोलतात, असं ते सांगायचे. वसाहतीत एक खोदलेलं तळं होतं. "मासे सोडलेत," ते म्हणाले, "पण पकडायला बंदी आहे. म्हणजे आत काय चाललंय, कोणालाच माहीत नाही." यावर ते मनापासून अस्वस्थ होते. वसंतात परत येतो, म्हणाले होते.

ऑक्टोबरमध्ये मुलीचा फोन आला. झोपेतच गेले. जास्त बोलणं झालं नाही. तिला आणखी बऱ्याच लोकांना कळवायचं होतं.

दोन दिवसांनी लॉइसचा फोन आला. तिने दुखवट्याचं काही म्हटलं नाही. म्हणाली, काकांच्या घरासमोरचा डॉक अजून पाण्यात आहे. इकडे प्रत्येकाच्या घरापुढे होडी लावायला लाकडी फळ्यांचा असा डॉक असतो, आणि तळं गोठायच्या आधी तो बाहेर ओढावा लागतो. नाहीतर बर्फ तो मोडून टाकतं.

आम्ही दोघींनी छातीपर्यंत येणारे रबरी पोशाख घातले आणि पाण्यात उतरलो. पाणी इतकं थंड होतं, की पाय आपले वाटेनात. लॉइस बोल्ट सैल करायची, मी फळ्या किनाऱ्यावर ओढायचे. मध्येच ती थांबली, श्वास घेतला आणि विचारलं, मुलगी घर विकणार का? मला माहीत नव्हतं. मग आम्ही शेवटचा तुकडा दोन्ही बाजूंनी धरला आणि ओढत गवतावर आणला. लॉइसने फळ्या एकावर एक नीट रचल्या, कडा जुळवल्या, वर ताडपत्री घातली आणि दोरीने घट्ट बांधली, वसंतात पुन्हा उघडायची असावी तशी.