चित्र अडकलं की शब्द तुटतो

"ह्याच्यात दम हाय का अजून?" असं विचारत काका आपल्या जुन्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर तळहात ठेवायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

हर्सूलला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या गल्लीत हे काका एकटेच राहायचे. वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. दुकानात आले की आधी खाकरून घ्यायचे. "सकाळपासून कुणाशी बोललो नाय, आवाज गंजला," म्हणायचे आणि हसायचे. असं हसणं तुम्हीही ऐकलं असेल. आपणही सोबत हसतो आणि आपल्या कामाला लागतो.

एकदा ते कॉम्प्युटर रिक्षात घालून घेऊन आले. "ह्याला जरा पळव. प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येतो म्हणं."

"काका, म्हातारं मशीन आहे. ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलं तर आयुष्य कमी होईल. नवं घ्या ना."

"लेकीचा हाय. लग्न होऊन ती नाशिकला गेली, ह्यो मागं राहिला." मग म्हणाले, "तिला जन्मापासून ऐकू येत नाय, भाऊ. आम्ही हातानं बोलतो. व्हिडिओ अडकला की तिचा हात हवेतच राहतो. पुढं काय म्हणली, कळतच नाय. फोनवर तर बोटं दिसत नायत मला, नजर अधू झाली."

मी कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरला मारते ती उष्णता आणि वाढवलेलं व्होल्टेज. म्हणून व्होल्टेजला हात न लावता वेग थोडाच वाढवला, धूळ काढली, नवा पंखा बसवला. "तरी थोडी झीज होणारच," मी बजावलं.

"होऊ दे. नुसतं टिकून तरी काय करायचं त्यानं?"

उन्हाळ्यात एकदा त्यांच्या घरी डोकावलो. घरातला एकुलता एक टेबलफॅन कॅबिनेटकडे तोंड करून फिरत होता. काका बनियनवर, घामाघूम. पडद्यावर लेक. खोलीत चिटपाखराचा आवाज नाही आणि बापलेक कडाकडा भांडत होते! "पंखा सोताकडं फिरवा म्हणती," त्यांनी मला सांगितलं आणि हातांनी तिला बहुतेक काहीतरी थाप मारली. बोलणं संपलं, पडदा काळा झाला. त्यांचे हात मात्र थोडा वेळ तसेच वर राहिले. मग त्यांनी ते हळूच मांडीवर ठेवले.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी लेकीचा मेसेज आला. माझा नंबर काकांनीच तिला देऊन ठेवला होता. "बाबांचा उजवा हात अडखळतोय. व्हिडिओ अडकत नाहीये. लवकर जा."

मी धावलो. काका खुर्चीतच होते, तोंड वाकडं झालेलं. एकटा डावा हात पडद्यावरच्या लेकीशी बोलत होता. तसंच दवाखान्यात नेलं. पक्षाघात होता, लवकर आणलंत म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. पूर्वीसारखं चित्र अडकत असतं तर तिला वाटलं असतं, कॉम्प्युटरच थांबलाय.

काका वाचले, पण उजवा हात लुळा राहिला आणि जिभेवरचे शब्द गेले. लेक आली आणि त्यांना नाशिकला घेऊन गेली. कॉम्प्युटर माझ्याकडे आहे. अजून चालतो. त्याच्यासमोर बसायला कुणी येत नाही, एवढंच.

नाशिकला निघताना गाडीच्या काचेआडून काका डाव्या हाताने मला बराच वेळ काहीतरी सांगत होते. मला ती भाषा येत नव्हती. कळल्यासारखी मान हलवत मी गाडी वळेपर्यंत रस्त्यात उभा राहिलो.