सोडलेले बैल

पाथरीच्या सरकारी दवाखान्यात मी एकटीच नर्सबाई होते. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. दारावरची पाटी उर्दूची मराठी झाली, पण आजूबाजूच्या सगळ्या खेड्यांना बाई एकच, ती मी. बाळंतीण अडली म्हणून कुठूनही गाडी आली की पेटी उचलायची आणि गाडीत बसायचं.

तब्येतीनं मला पुरतं जेरीला आणलं होतं. पोटात आग, खाल्लेलं उलटून पडायचं, आणि झोपेत दात खाल्ल्यामुळं सकाळी जबडा दुखायचा. डॉक्टर हैदराबादकडचे, भला माणूस. ते मला पांढरं औषध देत आणि म्हणत, "बाई, तुम्हाला आरामाची जरूरत आहे."

मग द्या ना आराम, असं मी एकदा तोंडावरच म्हणाले आणि महिनाभराची रजा मागितली. बदली बाई मिळते का बघतो, म्हणाले. त्या रजेवर मी डोळे लावून बसले होते. दुसरं काही सुचतच नव्हतं.

अशात मानवतच्या वाटेवरच्या एका गावाहून गाडी आली. पहिलटकरीण रात्रीपासून अडली होती. मी पोचले तेव्हा सकाळचं ऊन ओट्यावर आलं होतं आणि घरात सगळं सताड उघडं होतं. बाळंतपण अडलं की घरातली प्रत्येक गाठ सोडायची, कुलूप काढायचं, अशी त्यांची रीत. ट्रंका उघड्या, कणगीचं झाकण खाली, बायकांचे केस मोकळे. कुणी माझ्या पेटीला हात घातला तेव्हा मात्र मी खेकसले. उकळलेलं सामान होतं त्यात.

"तुमचा अंबाडा बी सोडा, बाई," सासू म्हणाली. "घरात गाठ ऱ्हाऊ द्यायची न्हाई."

वाद घालायचं त्राण नव्हतं. मी मुकाट्यानं सोडला. थोड्या वेळानं ती पुन्हा जवळ आली. "अन् ही मूठ?"

बघते तर माझा डावा हात गच्च आवळलेला. मला पत्ताच नव्हता. म्हातारीनं तेलाच्या हातानं माझं एकेक बोट उलगडलं. मला रडू आलं, ते मी घामाबरोबर पुसून टाकलं.

दुपार व्हायच्या आत मुलगा झाला, आई सुखरूप. हात धुऊन निघाले, तर गाडीला बैलच नाहीत. गाठी सोडण्याच्या घाईत कुणीतरी बैलांची दावीही सोडली होती, आणि मला घेऊन आलेली जोडी ज्वारीतून पार पलीकडच्या शिवारात गेली होती. गावातल्या बाकीच्या गाड्या कापूस घेऊन मानवतला गेलेल्या.

"माणसं धुंडायलेत. तवर पडा जरा," म्हणत सासूनं घोंगडी अंथरली.

मी पडले आणि मेल्यासारखी झोपले. उठले तेव्हा ऊन कललं होतं आणि जबडा दुखत नव्हता. भाकरी खाल्ली, तीही पोटात राहिली. बैल सापडले होते. परतताना मी गाडीत चक्क गुणगुणत होते.

दवाखान्यासमोर दुसरी एक गाडी उभी होती. आत एक बाई, लुगडं तोंडावरून ओढलेलं. तिचा नवरा चाकाला टेकून बसला होता. दुपारी ते आले होते. डॉक्टर धावले, पण सोबतच्या बायकांनी पुरुषाला हात लावू दिला नाही. बाई येईल, बाई येईल, म्हणत थांबले, आणि ऊन कलता कलता ती अडलेली बाळंतीण गाडीतच गेली.

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"तुमी दुसऱ्या बाळंतिणीकडं होता म्हणं," तो म्हणाला. "सुटली का ती?"

मी हो म्हणाले. झोपले होते हे सांगायला तोंड उघडेना.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर खुशीत आले. बदली बाई मिळाली होती, रजा मंजूर. महिनाभराच्या निवांत दुपारी डोळ्यांसमोर आल्या. मी रजा नको म्हणाले.

नोकरी संपून आता बरीच वर्षं झाली. जेवण झालं की मी जरा आडवी होते. सून म्हणते, डोळा लागला की तुमची मूठ आवळते. तिनं एकदा सोडवून पाहिली. सुटली नाही म्हणे.