प्रोसेसर कोणासाठी?

तुळजापुरात मी बॅनर, लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या डिझाइन करून देते. घराची पुढची खोली हेच माझं दुकान. टेबलावर कॉम्प्युटर, भिंतीला टाचलेले पत्रिकांचे नमुने आणि गिऱ्हाइकासाठी दोन खुर्च्या. नवरात्र जवळ आलं की स्वागताच्या बॅनरची झुंबड उडते आणि नेमका तेव्हाच माझा जुना कॉम्प्युटर मान टाकायचा. मोठा बॅनर उघडला की पडदा पांढरा पडायचा. समोर बसलेला कार्यकर्ता घड्याळ बघत म्हणायचा, "ताई, बंद पडला का?" मी म्हणायचे, "विचार करतोय." त्या विनोदाला पुढं पुढं माझं मलाच हसू येईना.

मी माहेरीच राहते. का, ते इथं सांगायचं कारण नाही. आई गेल्यापासून घरात मी आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. सोलापूर, भूम, येरमाळ्याचा घाट, सगळे रस्ते त्यांच्या हाताखालून गेलेले. पाठीच्या मणक्यानं दगा दिला म्हणून नोकरी वेळेआधी सोडावी लागली. त्यानंतर ते दिवसभर ओट्यावर बसायचे आणि जाणाऱ्या प्रत्येक बसचा गिअर कसा पडला ते मला आतल्या खोलीत ओरडून सांगायचे.

गेम खेळायचा नाद मूळचा माझा. शाळेत असल्यापासूनचा. गाड्यांच्या शर्यती, तलवारीच्या लढाया, काय हाताला लागेल ते. एकदा बस चालवायचा गेम टाकला आणि खेळत बसले, तर अण्णा पाठीमागं येऊन उभे राहिले. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "वळणावर असा ब्रेक मारतात व्हय? माणसं पडतील की आतली." मी उठले आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. त्या दिवसापासून खुर्ची वाटून घ्यावी लागली. पुढं मी कॉम्प्युटरला जोडायचं एक वापरलेलं स्टेअरिंग आणि पायाखालचे पेडल मिळवले, तेव्हा ते कितीतरी वेळ नुसतं स्टेअरिंगवर हात ठेवून बसले होते.

पण कॉम्प्युटर म्हातारा. घाटातल्या वळणावर चित्र अडकायचं, सुटेपर्यंत बस दरीच्या कठड्याला जाऊन घासलेली असायची. अण्णांना ते फार लागायचं. "माझ्या हातून गाडी कधी घासली न्हाय," असं म्हणत ते उठून जायचे. मी सांगायचे की चूक तुमची नाही, प्रोसेसरची आहे. ते ऐकून घ्यायचे, पण चेहरा पडलेलाच असायचा.

तेव्हा ठरवलं की नवा प्रोसेसर घ्यायचा. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरची सगळी आकडेमोड करणारा चौकोनी तुकडा, तळहातात मावेल एवढा. त्यात कोअर असतात, म्हणजे काम करणारे गडी समजा. जाहिरातीत गड्यांची संख्या मोठ्या अक्षरात सांगतात, पण आमच्या बसच्या गेमला गडी पुष्कळ असून भागत नाही, त्यातला एकेक चपळ लागतो. माझ्या बॅनरलाही तेच. मी बरेच दिवस वाचलं, चाचण्या बघितल्या, दोन कंपन्यांचे प्रोसेसर शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिले. शेवटी एक मधल्या दर्जाचा, पण नव्या पिढीचा प्रोसेसर नक्की केला. त्याच्या पोटातच चित्र दाखवायची सोय होती, त्यामुळं वेगळं ग्राफिक कार्ड पुढं कधीतरी घेतलं तरी चालणार होतं. सगळे भाग ज्यावर जोडतात त्या जुन्या मदरबोर्डवर तो बसणार नव्हता, म्हणून बोर्ड आणि रॅमही नवी घ्यायची. हे सगळं मला नीट कळत होतं. इथं हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे घडलं त्यात हे कुणीच धरून चाललं नाही.

आम्ही धाराशिवला गेलो. अण्णा अजून उस्मानाबादच म्हणतात. दुकान मोठं होतं, काचेच्या आत निळ्या-जांभळ्या दिव्यांचे कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचे डबे, मांडले होते. काउंटरमागचा दुकानदार माझ्याच वयाचा असेल. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि अण्णांना विचारलं, "बोला काका, काय दाखवू?"

मी प्रोसेसरचं पूर्ण नाव सांगितलं. बोर्ड कुठला हवा, तेही सांगितलं.

तो अण्णांनाच म्हणाला, "काका, वापर काय आहे?"

"डिझाइनचं काम," मी म्हणाले. "आणि गेम."

"गेम कोण खेळणार? मुलगा का?"

"मला मुलगा नाही. मी खेळते आणि हे खेळतात."

शेजारी प्रिंटरची शाई घ्यायला आलेला एक माणूस फिस्सकन हसला. दुकानदारही हसला, पण ओठ दाबून, जणू माझ्यावर उपकार करतोय. मग त्यानं अण्णांना विचारलं, "काय काका, खरं का?"

आणि अण्णा म्हणाले, "छे छे. मी कशाला? हिच्या कामासाठी बघायलोय."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी नजर दिव्यांच्या कॅबिनेटकडं वळवली.

दुकानदाराला तेवढंच पाहिजे होतं. "तेच म्हणतो मी. ताई, तुम्ही सांगताय तो तुम्हाला लागत न्हाय. उगं इंटरनेटवर बघून माणूस भुलतो. हा बघा तयार सेट, याच्यात लई जास्त कोअर आहेत. तुमच्यावाल्याच्या दुप्पट." आणि त्यानं तो दिव्यांचा डबा चालू केला. पंखे रंग बदलायला लागले. अण्णा वाकून बघायला लागले. खरं सांगते, मला त्या क्षणी दुकानदारापेक्षा अण्णांचाच जास्त राग आला.

मी म्हणाले, "सिस्टिमची माहिती उघडून दाखवा."

"त्यात काय बघायचंय ताई, आम्ही सांगतोय की."

"दाखवा तर."

त्यानं नाइलाजानं उघडलं. प्रोसेसरचं नाव मी वाचलं आणि मोबाइलवर तपासलं. कुठल्यातरी मोठ्या सर्व्हरमधून काढलेला, दहा-बारा वर्षांपूर्वीचा माल होता तो. गडी पुष्कळ, पण सगळे थकलेले. नव्या डब्यात घालून, दिवे लावून, गेमिंग सेट म्हणून मांडलेला. मी ते दुकानात सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं आणि विचारलं, "हा वापरलेला आहे, हे तुम्ही आम्हाला सांगणार होता का?"

त्याचा आवाज चढला. "वॉरंटी देतोय ना दुकानाची? आमी इतकी वर्षं धंदा करतोय. चार व्हिडिओ बघायचे आन् आमालाच शिकवायचं." मग एकदम मऊ होऊन त्यानं जे म्हटलं, ते मी अजून विसरले नाही. "असं करा ताई, घरातल्या कुणातरी जाणत्या माणसाला घेऊन या. मी त्यांना समजावून सांगतो."

पैसे माझे, काम माझं, निवड माझी. आणि समजावून सांगायला माणूस दुसरा हवा! मी तशीच बाहेर पडले. बोलायला लागले असते तर आवाज फुटला असता आणि रागानं आलेलं रडू त्याला कमजोरीचं वाटलं असतं.

परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीबाहेर बघत होते. स्टँड मागं पडल्यावर मी विचारलं, "तुम्ही खेळता हे सांगायला काय झालं होतं?"

"लोकांपुढं काय सांगावं माणसानं? या वयात गेम खेळतो म्हणून? डेपोतलं कुणी असतं तिथं तर?"

"मग मी कसं सांगितलं? मला लाज नसेल, असं वाटलं तुम्हाला?"

त्यांनी वर मलाच ऐकवलं, "तू बी जरा तडकून बोललीस. नीट विचारलं असतंस तर त्यानं दिलं असतं."

यावर मी जी गप्प झाले, ती घरी येऊन स्वयंपाक होईपर्यंत. त्या दिवशी वरणात मीठ जास्त पडलं आणि दोघांनीही ते न बोलता खाल्लं.

पुण्याला इंजिनिअर असलेल्या चुलतभावाला फोन केला, तर तो म्हणाला, "तुला एवढं कशाला पाहिजे? साधा लॅपटॉप घे." मी काय काम करते, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. फोन ठेवताना मला वाटलं, ही माणसं एकाच शाळेत शिकली असावीत.

चार दिवसांनी दुपारी अण्णांनी पुन्हा तोच विषय काढला. त्यांचं म्हणणं तेच, की मी तडकून बोलले म्हणून बिघडलं. मी म्हणाले, "बरं. मग तुम्हीच विचारा. गोड बोलून विचारा." मी त्यांच्याकडून प्रोसेसरचं नाव पाठ करून घेतलं. आकडे त्यांच्या जिभेवर बसेनात, दोनदा चुकले. मग त्यांनी दुकानाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"नमस्कार. एक प्रोसेसर पाहिजे होता." त्यांनी नाव सांगितलं. शेवटचा आकडा चुकलाच.

दुकानदारानं स्वतःच दुरुस्त केला. "हां हां, तो व्हय. आहे की साहेब. म्हणजे मागवून देतो, दोन दिवसांत येईल. चांगला पीस निवडलाय तुम्ही."

"गेमला चालंल का?"

"एक नंबर."

"आन् डिझाइनच्या कामाला?"

"दोन्हीला चालतो. हाच घ्या, दुसऱ्या कशात पडू नका."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी टेबलाची कड धरून उभी होते. ते सावकाश म्हणाले, "मागं एक पोरगी आलती तुमच्याकडं. हेच मागत होती. तिला का न्हाय दिलं?"

"त्या ताई व्हय?" तिकडून हसण्याचा आवाज आला. "त्यांना काय कळत नव्हतं हो. नुसतं ऐकून आलेल्या."

अण्णांचा गळा लाल झाला. बसमध्ये दारू पिऊन कुणी बाईला त्रास दिला की त्यांचा असा गळा लाल व्हायचा, हे आई सांगायची. मी पहिल्यांदा बघितलं.

"ती माझी पोरगी हाय," ते म्हणाले. "आन् तिच्या शेजारी उभा होता तो मीच. मला यातलं काय बी कळत न्हाय. आत्ता आकडा बी चुकीचा सांगितला म्या, तर तू तो नीट करून घेतलास. तिनं बरोबर सांगितला, तर तू तिला जाणता माणूस आणायला लावतोस? आन् ऐकून ठेव, गेम मी खेळतो. त्या दिवशी म्या खोटं बोललो."

"काका, काहीतरी गैरसमज झालाय. तुम्ही या दुकानात, चहा घेऊ—"

अण्णांनी फोन ठेवला. ते माझ्याकडं बघत राहिले. बहुतेक मला आनंद होईल, असं त्यांना वाटलं असावं.

मला आनंद झाला नाही. म्हणजे झाला, पण त्याच्या तळाशी राग उकळत होता. तेच नाव, तोच प्रोसेसर, माझ्या तोंडून आला तेव्हा खुळेपणा होता आणि अण्णांच्या तोंडून चुकीच्या आकड्यासकट आला तेव्हा शहाणपणा झाला. माझं म्हणणं अण्णांनाही पटलं ते त्या माणसानं दुजोरा दिल्यावरच. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "खरं हाय." पुढं त्यांनी काही जोडलं नाही, ते बरं केलं.

प्रोसेसर मी सोलापूरच्या एका दुकानातून घेतला. तिथला माणूस चिडका होता, मोबाइलवरून मान वर करायला तयार नव्हता. पण मी जे मागितलं ते त्यानं काउंटरवर ठेवलं, सील माझ्यासमोर फोडलं आणि बिल दिलं. कोणासाठी, कशासाठी, एक शब्द नाही. मला तेवढं पुरे होतं.

घरी बसवलाही मीच. सॉकेटमध्ये केसासारख्या बारीक पिना असतात, एक वाकली तरी बोर्ड वाया जातो. कोपऱ्यातला त्रिकोण त्रिकोणाशी जुळवला आणि प्रोसेसर अलगद ठेवला. वरची दांडी दाबताना असा करकर आवाज आला की अण्णा दारातून "मोडलं!" म्हणून ओरडले. मोडलं नव्हतं. उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाटाण्याएवढी लावली, पंखा आवळला, बटण दाबलं. पडदा काळाच. सगळं पुन्हा तपासलं, तेव्हा रॅमच्या पट्टीची एक बाजू अर्धवट बसलेली दिसली. ती दाबली, टक् आवाज आला आणि चित्र उमटलं.

आता मोठा बॅनर मी हात धुऊन येईपर्यंत उघडलेला असतो. घाटात बस अडकत नाही. कॉम्प्युटर इतका चांगला कोणी बसवून दिला, असं गिऱ्हाइकं विचारतात. मी बसवला म्हटलं की निम्मे जण चेष्टा समजतात. पहिल्यासारखी मी समजावत बसत नाही. पत्रिकेचा मजकूर द्या म्हणते.

अण्णांनी मात्र आपण गेम खेळतो, हे डेपोत स्वतःहून सांगून टाकलं. त्याचा परिणाम असा की निवृत्त झालेले एक ड्रायव्हर आणि एक कंडक्टर आठवड्यातून दोन-तीनदा आमच्याकडं येऊन बसतात. अण्णा गाडी चालवतात आणि बाकीचे दोघं, थांबा चुकला, आरशात बघितलं नाही, गाडी लेट झाली, म्हणून भांडतात. माझं काम खोळंबतं ते खोळंबतंच. परवा एका लग्नाच्या पत्रिका संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या आणि हे तिघं बस घाटाच्या मध्यावर उभी करून वाद घालत होते. वर कंडक्टरकाका मला म्हणाले, "पोरी, जरा च्या टाक की."

मी म्हणाले, "खुर्ची माझी, कॉम्प्युटर माझा, मी कामाची खोळंबलेय. चहा तुम्ही करा. आणि उठा आता तिघंही."

दोघं पाहुणे अण्णांकडं बघायला लागले. अण्णांनी हँडब्रेक ओढला, गेम बंद केला आणि पातेलं घ्यायला आत गेले.