दोन विहिणींची कॅसेट

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी कुणी उघडून बघितलंच तर हसू नये.

आमच्याकडं लग्नात सुरगी असते. चार कोपऱ्यांना तांबे मांडायचे, भोवती सूत गुंडाळायचं आणि मधे नवरा-नवरीला बसवून न्हाऊ घालायचं. त्या वेळी दोन्हीकडच्या बायका गाण्यातून एकमेकींची उणीदुणी काढतात. निंबर्ग्याकडची विहीण कन्नडमधून टोमणा मारते, उदगीरकडची मराठीतून तो परत करते. मला दोन्ही भाषा घरातच मिळाल्या. बायकांच्या मागं बसून, पदर तोंडावर ओढून, मी दोन्हीकडून म्हणायची.

बीदरच्या एका कॅसेटवाल्यानं एका लग्नात ते ऐकलं आणि आमच्या मालकांना विचारून मला कॅसेट भरायला कलबुर्गीला नेलं. खोलीला गाद्या ठोकलेल्या. समोर चार पुरुष बघून माझा आवाजच निघेना. यंत्रावरचा माणूस म्हणाला, "अक्का, भिंतीकडं तोंड करा. आम्ही न्हाईच समजा." भिंतीकडं बघत मी दोन्ही विहिणींचं भांडण एकटीच भांडले.

कॅसेट फार चालली. मांडवात, जीपमध्ये, पिठाच्या गिरणीवर, सगळीकडं तीच. एकदा आळंदच्या स्टँडवर चहाच्या टपरीत ती लागली होती. शेजारची बाई मला म्हणाली, "काय तोंड हाय बाई हिचं! घरात सासूला जगू देत नसंल." मी नुसतं "व्हय" म्हणाले आणि एसटीची वाट बघत राहिले. दोन दिवस मनातल्या मनात हसत होते.

त्या कॅसेटचं मला एक लुगडं आणि गाण्याची मजुरी, एवढंच मिळालं. म्हणून पुढच्या वेळी कॅसेटवाला म्हणाला, "आता निम्मा खर्च तुम्ही घाला, निम्मा नफा तुमचा." या खेपेला दोन कॅसेटी काढायच्या होत्या. लातूरकडं खपायला सगळी मराठी, इकडं खपायला सगळी कन्नड.

मी हळूच म्हणाले, "एकटी विहीण कुणासंगं भांडणार?"

तो हसला. "फिकर नक्को करो अक्का. तुम्ही गा, विकायचं माझ्यावर सोडा."

आमच्याजवळ पैसे नव्हते. माझी थोरली बहीण, आमची अक्का, कमठाण्याला दिलेली. तिनं लेकीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे काढून दिले. दाजींना ते पटलं नव्हतं, पण अक्कापुढं त्यांचं चाललं नाही.

दोन्ही कॅसेटी पडल्या. लातूरकडचे म्हणाले, हिच्या मराठीला कन्नडचा वास येतो. इकडचे म्हणाले, कन्नड बरी हाय, पण भांडण कुठं गेलं? मला वाटतं इकडच्यांचंच खरं होतं. टोमण्याला उत्तर नसलं की त्याची नुसती शिवी होते. कॅसेटवाल्यानं लबाडी केली असं मी म्हणणार नाही. त्याचेही पैसे बुडाले. पुढं मोबाईल आले. जुनी कॅसेट कुणीतरी मोबाईलमध्ये घातली आणि ती फुकट गावोगाव गेली. मला परत कुणी त्या गाद्यांच्या खोलीत बोलावलं नाही.

कमठाण्याला गेलं की दाजी विचारायचे, "काय बाई, गाण्याचं पीक आलं का न्हाई औंदा?" अक्का त्यांच्यावर डोळे वटारायची. पोरगी वाढत होती. तिला बघायला पाहुणे यायला लागले.

मग मी सुरगीला पैसे घेऊन गायला जाऊ लागले. आता मागं बसून चालत नव्हतं. पैसे देणाऱ्याला गाणारीचं तोंड दिसायला लागतं. पहिल्या लग्नात, नौबादला, मी खाली मान घालून गायले. एक म्हातारी ओरडली, "कामून लाजायलीस? भांडायला आलीस का नांदायला?" सगळ्या बायका हसल्या, मलाही हसू आलं आणि मान आपोआप वर झाली. डीजे आल्यावर बोलावणी कमी झाली, पण सुरगीच्या तेवढ्या वेळाला बायका डीजे बंद करायला लावायच्या. मिळेल ते अक्काला नेऊन देत राहिले.

भाचीचं लग्न ठरलं त्या आठवड्यात मी उरलेले पैसे घेऊन गेले. अक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. "आणलेस व्हय? मला वाटलं आता पोरीच्या आहेरात वळते करतीस."

"आहेर वेगळा," मी म्हणाले.

"बघा, हिला तोंड फुटलं!" अक्का दाजींना म्हणाली.

दाजींनी अंगठा ओला करून नोटा दोनदा मोजल्या. मी दाराशी उभीच होते. त्यांनी नोटा अक्काच्या हातात दिल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "बरोबर हायत. सगळे फिटले बाई, आता बस की."