स्फटिकाचा महादेव

कुंभार पिंपळगावच्या बद्रीनाथला रत्नांची पारख आहे, असं फक्त बद्रीनाथच म्हणायचा. बोटाबोटांत खडे घालून तो ओट्यावर बसे आणि दुसऱ्या कुणाची अंगठी दिसली की नाक मुरडी. जमीन बापानं कमावलेली. यानं कमावला तो नुसता रुबाब.

निजामाच्या अमदानीतल्या एका माघात धुळाजी धनगर मेंढरं घेऊन लोणारच्या खाऱ्या तळ्याकडून परत आला. तिथल्या आटलेल्या डबक्यात त्याला नारळाएवढा, काचेसारखा आरपार खडा सापडला होता. तूप माखलेल्या फडक्यात गुंडाळून त्यानं तो आणला.

"मालक, हे काय आसंल?"

बद्रीनाथनं खडा उन्हात धरला, गालाला लावला. "थंडगार हाय. बिलकुल अस्सल स्फटिक. ह्याचा महादेव करायचा."

"मिठाच्या तळ्यातला हाय," त्याची बायको सोनूबाई म्हणाली. "जिभेला लावून तर बघा."

"देवाला उष्टं करू का? तुला काय कळतं त्यातलं?"

एक जुना पटका देऊन त्यानं धुळाजीची बोळवण केली. शिवरात्रीला खड्याची महादेव म्हणून स्थापना करायचं ठरलं. रिवाजाप्रमाणे आदल्या संध्याकाळी तो घंगाळात पाण्यात ठेवला, वर पाट झाकला.

सकाळी गावासमोर पाट उचलला, तर आत नुसतं पाणी. शहाणा माणूस गप्प बसला असता. बद्रीनाथनं हात जोडले. "देव पाण्यात उतरला," तो म्हणाला, आणि पेला पेला तीर्थ वाटलं. ते कडूजहर होतं, पण तीर्थाला कडू कोण म्हणणार? लोकांनी उपाशीपोटी गिळलं. बद्रीनाथ तर दोन पेले प्याला.

दुपारच्या आत अख्खं गाव ओढ्याकडं पळत होतं. आरतीला पुजारीसुद्धा उरला नाही.

"धुळाजीनं खडा बदलला," बद्रीनाथनं चावडीवर सांगितलं, आणि त्याच्या मेंढरांना आपल्या रानात बंदी केली.

गावाला औषध द्यायला आलेल्या अंबडच्या एका हकिमानं घंगाळात उरलेलं पाणी चाखलं. "हे जहर नाही, जुलाबाचं मीठ आहे. कडाक्याच्या थंडीतच असं काचेगत जमतं, तेही क्वचित. अजून आणा. दाम चांगला देईन."

दाम ऐकताच बद्रीनाथ मेंढरांच्या तळावर हजर झाला.

"धुळाजी, ते डबकं कुठलं रे? दोघं मिळून धंदा करू."

मेंढीच्या खुरातला काटा काढताना धुळाजीनं मान वर केली नाही. "म्या तर खडा बदलल्ता ना, मालक. मंग मला काय इचारता?"

पुढच्या हिवाळ्यात बद्रीनाथ स्वतःच गाडी जुंपून तळ्यावर गेला. पांढरं दिसेल ते पोत्यात भरून आणलं. हकिमानं पोतं उघडलं, चिमूटभर चाखलं आणि तोंड पुन्हा बांधून टाकलं. तो साधा पापडखार होता.

सोनूबाईनं त्याचे पापड केले. चांगले झाले.