शेवटचा थांबा, लोणी काळभोर

"आधी लोणी काळभोर. मग बाकीचं पुणं," सिराजभाई तिसऱ्यांदा म्हणाले.

"अब्बा, बोपोडी आपल्या गच्चीवरून दिसते," अफशीन म्हणाली.

"दिसू दे. थोरली बहीण ती थोरली बहीण. मान वयाचा असतो, अंतराचा नसतो."

"मटणाला वय कळत नाही. ऊन कळतं."

स्वयंपाकघरातून अफशीनची आई, सुरय्या, हसल्याचा आवाज आला आणि लगेच थांबला.

बकरी ईदची सकाळ होती. खडकीच्या त्या दोन खोल्यांत मधोमध अकरा पिशव्या मांडल्या होत्या. कुर्बानीचा एक हिस्सा घरात, एक गोरगरिबांना आणि एक नात्यात द्यायचा, हा सगळ्यांचाच रिवाज. नात्यातला हिस्सा वयाच्या क्रमाने पोचवायचा, हा मात्र खास सिराजभाईंचा. दरवर्षी ते आपला छोटा हत्ती टेम्पो काढून आधी थेट लोणीला थोरल्या बहिणीकडे, म्हणजे अफशीनच्या मेहनाज फुफीकडे जात. तिथून उलटे कॅम्पात थोरल्या चाचांकडे, पुन्हा हडपसरला, पुन्हा मागे शिवाजीनगरला. बोपोडीची खाला, म्हणजे सुरय्याची बहीण, वयाने सर्वांत धाकटी. चालत दहा मिनिटांवर राहणाऱ्या तिला गेल्या वर्षी मगरिबच्या, म्हणजे संध्याकाळच्या नमाजाच्या सुमारास हिस्सा मिळाला. तो तिच्या मांजरानेही हुंगून सोडला.

अफशीन बावीस वर्षांची. बी.कॉम. झाल्यावर तिने मालवाहतुकीचा वर्षाचा कोर्स केला आणि चाकणजवळच्या एका सुट्या भागांच्या गोदामात तीन महिने काम शिकली. कोणता माल कोणत्या गाडीत, कोणती गाडी कोणत्या दाराला, किती वाजता, हे ठरवायचं. डोकं शांत लागतं आणि आवाज मोठा. दोन्ही तिच्याकडे होतं. गोदामाने तिला कायम जागा देऊ केली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि अब्बा 'हो' म्हणत नव्हते.

"सव्वीस वर्षं माल घेऊन गोदामांच्या फाटकाबाहेर उन्हात बसलोय," ते म्हणत. "नंबर कधी लागेल ते सांगायला कुत्रं बाहेर येत नाही. त्या लाइनीत पोरीला घालू?"

थोरला मुलगा शहेजाद हिंजवडीला कंपनीत होता, हे मात्र सिराजभाई चारचौघांत सांगत. तो रोज तीन तास कंपनीच्या बसमध्ये झोपा काढतो, हे सांगत नसत.

अफशीनने फ्रिजवर कागद चिकटवला. बोपोडी, शिवाजीनगर, कॅम्प, वानवडी, हडपसर, सगळ्यात शेवटी लोणी. प्रत्येकापुढे वेळ. मासेवाल्याकडून आणलेले थर्माकोलचे डबे तिने बर्फ घालून भरले आणि पहिलाच डबा टेम्पोच्या पार आत सरकवला.

"हा कुणाचा?"

"फुफीचा. शेवटी उतरणारा माल आधी चढवायचा."

"माझ्या बहिणीचा हिस्सा सगळ्यांच्या मागे? कोपऱ्यात?"

"अब्बा, कोपऱ्यात सावली असते," शहेजाद दारातून म्हणाला. "फुफीला पंखाही लावू का?"

"तू बसमध्ये झोप."

शेवटी सुरय्या हात पुसत बाहेर आल्या. "अहो, ज्याचा हक्क त्याच्यापर्यंत धड पोचला नाही, तर मान घेऊन काय करायचं? एक वर्ष पोरीचं ऐका."

सिराजभाईंनी किल्ली उचलली. "ठीक. पण लोणीच्या आपाने तोंड फिरवलं, तर सोमवारी ही घरी. पुन्हा गोदामाचं नाव काढायचं नाही."

"कबूल," अफशीन म्हणाली. आवाज मोठाच निघाला.

निघण्यापूर्वी तिने सगळ्यांना फोन करून वेळ कळवली आणि प्रत्येक घराच्या आधी पुन्हा फोन केला. "गाडी पाच मिनिटांत पोचते, खाली या." बोपोडीची खाला तर फाटकावरच उभी होती. तिने डब्याचं झाकण उघडून पाहिलं आणि नुसतीच "अरे वा" म्हणाली. कॅम्पातल्या चाचांनी घड्याळ बघून विचारलं, "सिराज, आज काही बिघडलंय का?" सिराजभाईंनी गाडी सुरू केली. हडपसरच्या पुढे तर ते गाडी चालवताना ओठांवर ओठ घट्ट दाबून बसले होते.

मेहनाज फुफी ओट्यावर बसली होती. सत्तरी ओलांडलेली, पांढरी ओढणी, हातात घड्याळ नाही, पण वेळ तोंडपाठ.

"दोन वाजले," ती म्हणाली. "दहा घरं झाली का माझ्याआधी?"

सिराजभाईंनी मुलीकडे पाहिलं. अफशीन डबा घेऊन तशीच उभी राहिली.

"झाली, आपा," ते म्हणाले. "हिने ठरवलं. तुला राग आला असेल तर..."

"आता पुढे कुठे जायचंय?"

"कुठेच नाही. तूच शेवटची."

फुफीने ओट्यावर हात टेकून उठायला सुरुवात केली. "मग चप्पल काढ. दहा वर्षं झाली, ईदच्या दिवशी कुरिअरवाल्यासारखा येतोस, पिशवी टेकवतोस, पाणीसुद्धा उभ्याने पितोस. का, तर पुढे दहा घरं! मला मटण नको होतं रे. भाऊ बसायला हवा होता." मग अफशीनकडे वळून म्हणाली, "तू काय मुहूर्त काढून थांबलीस? चूल पेटव."

ते तिथे दोन तास बसले. सिराजभाईंनी दोनदा भात घेतला, लहानपणी विहिरीत पडलेल्या बकरीची गोष्ट सांगितली, आणि फुफीने ती तीन ठिकाणी दुरुस्त केली. हात धुताना त्यांनी अफशीनच्या हातातला कागद मागून घेतला. लोणीपुढे तिने लिहिलं होतं, 'थांबा: दोन तास.'

परतताना ते म्हणाले, "फाटकाबाहेरच्या गाड्यांनासुद्धा अशीच वेळ देता येते?"

"तेच तर काम आहे, अब्बा. गाडी निघायच्या आधीच ड्रायव्हरला वेळ कळवायची. आत कुणी हे ठरवलेलं नसतं, म्हणून बाहेर माणूस उन्हात बसतो."

"हं," सिराजभाई म्हणाले आणि पुढच्या रिक्षावाल्याला उगाच हॉर्न दिला.

घरी सुरय्या आणि शहेजाद निकालाची वाट बघत बसले होते. कुणी काही विचारायच्या आत सिराजभाईंनी किल्ली खिळ्याला लावली.

"सोमवारपासून अफशीन गोदामात जाणार. सातची पाळी आहे. डबा साडेपाचला तयार पाहिजे, आणि तो शहेजाद करेल."