उलटं पान

भिवंडीत कापडाच्या खालोखाल काही निपजत असेल तर ते लेखक, आणि दोन्ही मालांची पारख आपल्याइतकी कुणालाच नाही, अशी आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांची पक्की खात्री होती. कापडाचं तरी खरं होतं. मूळचे खारबावचे काका कित्येक वर्षं एका गोदामात तागे तपासत. टेबलावरून कापड ओढायचं आणि डाग किंवा तुटका धागा दिसला की तिथंच काठाला लाल दोऱ्याची गाठ मारायची, हे त्यांचं काम. ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला मी शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते आणि चोरून कथा लिहीत होते. पहिली कथा धीर करून त्यांना दिली, तर चौथ्या दिवशी ती समासात सतरा गाठी घेऊन खाली आली. माझी नायिका पहिल्याच पानावर तीन गाठींत अडकली होती.

त्यांचे सल्ले भलतेच असत. शेवटचा परिच्छेद लिहून झाला की फाडून टाकायचा, कारण गोष्ट त्याच्या आधीच संपलेली असते. कथा चालू लूमपाशी उभं राहून मोठ्यानं वाचायची. खडखडाटात कुणालाच ऐकू येत नसताना ज्या वाक्याला आपली आपल्याला लाज वाटेल, ते खोटं. मी वेडी, खरंच गेले. बाईंचे नुसते ओठ हलताहेत हे पाहून कारागिरांनी मला स्टुलावर बसवलं आणि पाणी पाजलं. तीन वाक्यं मात्र खोटी निघाली.

प्रकाशकाकडे बाड पाठवायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "मधलं एक पान उलटं ठेव. बाड परत आलं आणि पान तसंच असलं तर रडायचं न्हाय, त्यानं वाचलंच न्हाय. पान सुलट झालं असलं तर मात्र रडायचं, मग परत लिहायला बसायचं." दोघांकडून पान उलटंच आलं. तिसऱ्याकडून सुलट आलं. मी रडले, पुन्हा लिहिलं, आणि माझं पुस्तक निघालं. काकांनी गोदामात पेढे वाटले.

त्यानंतर काकांनी स्वतःची कादंबरी माझ्या हातात ठेवली. अकरा वर्षं लिहीत होते, कुणाला पत्ता नव्हता. म्हणाले, "तू गाठी मार. तू बघितल्याबिगर मी ती कुठंच पाठवनार न्हाय."

मी तेव्हा हवेत होते. सत्कार, हार, कुठं कुठं बोलावणी. बाड पाच महिने कपाटात पेपरांच्या गठ्ठ्याखाली पडलं, आणि शेवटी लाजेपोटी मी ते न वाचताच वर नेऊन दिलं. म्हटलं, एकही गाठ मारावी लागली नाही. काकांनी दोरी सोडली, पानं चाळली, मध्ये कुठंतरी जरा थांबले.

"वाचलीस?"

"हो काका."

"बरं," म्हणाले, आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं. पुढं नव्वद साल उलटून गेलं तरी माझ्या प्रत्येक कथेला ते गाठी मारत राहिले. स्वतःच्या कादंबरीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. तिचं काय झालं, हे विचारायची मला सोयच उरली नव्हती.

ते गेल्यावर तेराव्याला काकूंनी बाड माझ्याकडे दिलं. "तुलाच द्यायला बोललेले," एवढंच म्हणाल्या. घरी येऊन दोरी सोडली. बरोबर मधोमध एक पान उलटं होतं.

त्यांच्या नियमानं मी इथंच थांबायला हवं, पण मला ते जमत नाही. कादंबरी चांगली होती. इतकी चांगली, की कुठल्याही प्रकाशकानं ते पान सुलट केलं असतं. गाठी माराव्या अशा जागा मला चारच सापडल्या, आणि त्या दाखवायला वर काका नव्हते. मग ते पान मी माझ्या हातानं सुलट केलं आणि त्यांनी सांगितलं होतं तशी रडले.